अर्धा किलो बाकरवडी आणि ५८ ग्रॅम चुरा: एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण बाकरवडीच्या चुऱ्याचं आहे. त्यात कोणाला विषबाधा झाली नाही, कोणाची ठेव बुडाली नाही, वजनही कमी भरलं नाही. तरी त्यापायी एका दैनिकाचं वाचकपत्रांचं पान काही आठवडे तापलेलं राहिलं, एका तक्रारीचा फटका चार दुकानांना बसला आणि बाकरवडीचं एक अर्धवट रिकामं पाकीट पुरावा म्हणून स्टीलच्या डब्यात आणि तो डबा गोदरेजच्या कपाटात जाऊन बसला.

मी शहराच्या मध्यवस्तीतल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात काम करते. केंद्र म्हणजे वाचनालयाची मागची खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि संध्याकाळी वेळ काढून येणारे आम्ही काही जण. दोन्ही पक्षांना विचारूनच हे लिहिते आहे. नावं काढली आहेत, पेठ बदलली आहे. पदार्थ बदललेला नाही. तो बदलला तर प्रकरणात काही उरत नाही. बाकरवडी म्हटलं की ज्या नावाकडे सगळ्या पुण्याचं लक्ष जातं ते हे दुकान नव्हे, हेही आधीच सांगून टाकते.

## पार्श्वभूमी

तक्रारदार जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले, वय ६८. त्यांना इथे काका म्हणते. केंद्रात आम्ही सगळे तेच म्हणतो, आणि ‘आजोबा’ म्हणणं किती महागात पडतं ते पुढे येईलच. नोकरीभर कालव्याचं पाणी मोजलेला माणूस. अजूनही विजेचा मीटर दर एक तारखेला वाचून वहीत आकडा लिहितात आणि बिल आलं की लाल पेन घेऊन बसतात. काकूंच्या मते हा आजार आहे. काकांच्या मते बाकीच्या शहराला तो व्हायला हवा.

दुकान मध्यम, तिसऱ्या पिढीतलं. कारखाना धायरीच्या बाजूला. तिथून सकाळी टेम्पोने पत्र्याचे पंधरा-पंधरा किलोचे डबे येतात आणि पाकिटं दुकानातच, खप बघून भरली जातात. थोरले मालक आता फक्त रविवारी सकाळी गल्ल्यावर बसतात, एरवी मुलगा. मुलाने दुकानात यूपीआय आणलं, पाकिटावर रंगीत छपाई आणली, वातानुकूलन आणलं. आजोबांच्या काळची पाटी तेवढी ठेवली: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कारण विचारू नये.’

तिसरा पक्ष वर्तमानपत्र. ‘केसरी’ १८८१ साली निघाला, ‘सकाळ’ १९३२ साली. तेव्हापासून इंग्रज सरकार, नगरपालिका आणि शेजारचा भाडेकरू यांना छापील कागदावर सुनावण्याची सोय या गावाला आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली आला, पण ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ साली, पुण्यातच सुरू केली होती. म्हणजे कायदा यायच्या आधी आमच्याकडे तक्रारी तयार होत्या. काकांनी पत्र ज्या दैनिकाला पाठवलं त्याचं नाव देत नाही. त्या पानावर त्या महिन्यात जी इतर गाऱ्हाणी आली ती अशी: इस्त्रीवाला शर्टाची घडी उलटी घालतो, रिक्षावाला सुटे नाहीत म्हणून श्रीखंडाची गोळी देतो, शब्दकोड्यात आडवा सात आणि उभा बारा जुळत नाहीत. या शेजारात काकांचं पत्र गंभीरच म्हणायला हवं.

## समस्या

काकांनी काही दिवसांच्या अंतराने अर्ध्या किलोची चार पाकिटं घेतली. पहिल्यात चुरा फार वाटला म्हणून बाकीची मोजून उघडली. चुऱ्याची व्याख्या त्यांनी स्वतः ठरवली: पुरणयंत्राच्या मोठ्या भोकांच्या जाळीतून खाली पडेल तो चुरा, वर राहील तो तुकडा. तुकड्याबद्दल तक्रार नाही. त्यांचा तक्ता असा होता:

पाकीट पहिलं, मंगळवार, सायंकाळी ७.१०: चुरा ५८ ग्रॅम
पाकीट दुसरं, शुक्रवार, सायंकाळी ७.२५: चुरा ४१ ग्रॅम
पाकीट तिसरं, बुधवार, सायंकाळी ७.०५: चुरा ६३ ग्रॅम
पाकीट चौथं, रविवार, सकाळी १०.१५: चुरा १२ ग्रॅम

चारही पाकिटांचं निव्वळ वजन पाचशेच्या थोडं वरच होतं. किंमत पाकिटाला २१० रुपये. बारा ग्रॅम चुरा ‘निसर्गक्रमाने’ होणारच, असं धरून काकांनी तो सोडून दिला. उरलेल्या तीन पाकिटांतला जादा चुरा १२६ ग्रॅम. ग्रॅमला ४२ पैसे या दराने नुकसान ५२ रुपये ९२ पैसे.

हा आकडा ऐकून हसू येतं आणि सगळेच हसले. पण हिशेबात चूक काढून दाखवा म्हटलं तर कोणाला काढता आली नाही.

## पहिला निर्णय: काउंटरवर

तिसरं पाकीट घेऊन काका दुकानात गेले. वेळ संध्याकाळची, गर्दीची. दोघांनीही नंतर सांगितलेला संवाद जवळपास सारखाच आहे, जे आमच्या केंद्रात क्वचित घडतं.

‘मालक, हा चुरा बघा. ६३ ग्रॅम भरला.’

‘आजोबा, चुराही बाकरवडीचाच आहे. आम्ही काय बाहेरून आणून घालतो का?’

‘मग त्याला दर चुऱ्याचा लावा.’

‘चुऱ्याला वेगळा दर नसतो.’ आणि मालकाने मान वर करून पाटीकडे पाहिलं.

मालकाचं म्हणणं तर्काला धरून होतं. चुरा खरंच त्यांच्याच मालाचा होता. पण समोरचा माणूस ‘तुम्ही फसवलंत’ म्हणत नव्हता, ‘बघा’ म्हणत होता, आणि मालकाने पाकिटाकडे बघितलं नाही. त्यात ‘आजोबा’. मालक चाळिशीचे, काका ६८ चे. हिशेबाने संबोधन ओढूनताणून बसतं, पण भर गर्दीत, हातात पुरावा असताना, शेजारी कॉलेजच्या मुली उभ्या असताना कोणाला ते ऐकायचं असतं?

पाटीबद्दल एक गोष्ट इथेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (हा २० जुलै २०२० पासून लागू झाला) असं मानतो की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. पावती न देणं हीसुद्धा त्याच यादीत बसते. तेव्हा ‘कारण विचारू नये’ हे पाटी म्हणून छान आहे, बचाव म्हणून शून्य.

पाकिटावर तक्रारीसाठी नाव-पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक छापणं आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो छापलेला होता. काकांनी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला फोन केला. पुण्यात दुपारी दोनला दुकानात फोन करणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा त्याला ‘फोन उचलला नाही’ एवढं वाक्य पत्रात हवं असतं.

## दुसरा निर्णय: पत्र छापताना

काकांचं मूळ पत्र फुलस्केपची तीन पानं होतं, तक्ता जोडलेला. सदराची मर्यादा दीडशे शब्द. पान लावणाऱ्याने जे केलं ते कोणीही केलं असतं: तक्ता उडवला, पुरणयंत्र उडवलं आणि वाचनीय वाक्यं ठेवली. त्यातलं सर्वांत वाचनीय वाक्य काकांच्या अनुमानाचं होतं. रविवारच्या पाकिटात चुरा कमी निघाला, रविवारी थोरले मालक बसतात, तेव्हा ‘वडिलांनी सचोटीने उभी केलेली परंपरा चिरंजीवांच्या हातात चुरा होऊन पडत आहे’ असं त्यांनी लिहिलं होतं. वाक्य जमलेलं आहे, हे मीही मान्य करते. मथळाही त्यातूनच झाला.

दुकानाचं नाव छापायचं नाही, असं दैनिकाने ठरवलं. बदनामीच्या खटल्याची भीती, शिवाय एका चुऱ्यासाठी कोणाचं नाव कशाला घ्या, असा सद्भावही. त्याऐवजी ‘अमुक रस्त्यावरचं बाकरवडीचं एक जुनं दुकान’ एवढंच आलं. त्या रस्त्यावर बाकरवडी विकणारी जुनी दुकानं चार आहेत. मालकाला त्याची बाजू विचारलीच गेली नाही. नाव नाही, मग बाजू कोणाची विचारणार?

## पत्रव्यवहार पेटतो

पुढच्या आठवड्यात उत्तरं येऊ लागली. सगळी कात्रणं काकांच्या फाइलमध्ये आहेत, तारीखवार, पंच करून.

कोथरूडच्या एका वाचकाने लिहिलं की दोष दुकानाचा नसून पीएमपीच्या बसचा आहे. पाकीट मांडीवर ठेवून डेक्कन ते कोथरूड डेपो प्रवास केल्यास अखंड बाकरवडी घरी पोचणं हीच आश्चर्याची गोष्ट. (काका चालत जातात.) बिबवेवाडीच्या बाईंनी चुऱ्यात दही, चिरलेला कांदा आणि वरून हिंगाची फोडणी घालून काय होतं ते लिहिलं आणि तक्रारदाराच्या पत्नीला हे सुचलं कसं नाही, असं विचारलं. काकू त्या पत्रावर आठवडाभर रागावून होत्या, कारण त्या पहिल्या दिवसापासून तेच करत होत्या आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल बोलणी खात होत्या. मूळच्या नागपूरच्या एका गृहस्थांनी पुडाच्या वडीचा प्रश्न उकरला. ती ताटलीत गरम मिळते, त्यामुळे चुरा संभवत नाही. निवृत्त प्राध्यापकांनी पाकिटातल्या मोकळ्या जागेबद्दल दोन परिच्छेद लिहिले, ते खरं तर बरोबर होते आणि ते कोणी वाचले नाहीत.

पण निम्म्याहून जास्त पत्रं चुऱ्याबद्दल नव्हतीच. ती ‘चिरंजीवां’बद्दल होती. नवी पिढी, वातानुकूलित दुकानं, गिऱ्हाइकाकडे न बघता मोबाईलकडे बघणारे मालक, वाडे पाडून झालेले मॉल. छापताना तक्ता गेला आणि अनुमान राहिलं, तेव्हा लोकांनी अनुमानावरच बोलायचं ना! मालकाने शेवटी स्वतःच पत्र पाठवलं. ते आलं तसं छापलं गेलं आणि ते अस्सल पुणेरी होतं: ‘चुरा नको असणाऱ्यांनी अखंड बाकरवडी मोजून घ्यावी. मोजणीसाठी टेबल मिळेल. खुर्ची मिळणार नाही.’

या एका ओळीने त्याने नाव जाहीर केलं, सहानुभूती घालवली आणि दुकानात गर्दी वाढवली. दोन कॉलेजची पोरं खरंच मोजायला गेली.

तिसऱ्या आठवड्यात पानाखाली चौकट आली: ‘या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे.’ काका आमच्याकडे आले ते ही चौकट घेऊनच. त्यांच्या दृष्टीने न्यायालयाने निकाल न देताच दिवे घालवले होते.

## समोर कोणते पर्याय होते

काकांना जिल्हा ग्राहक आयोगात जायचं होतं. हातात एक कात्रण होतं: तमिळनाडूतल्या तिरुवळ्ळूर जिल्हा ग्राहक आयोगाने २०२३ साली बिस्किटाच्या पुड्यात एक बिस्किट कमी निघालं म्हणून ग्राहकाला एक लाख रुपये भरपाई द्यायला कंपनीला सांगितलं. कात्रण खरं आहे. पण त्या प्रकरणात पुड्याच्या वेष्टनावरच सोळा बिस्किटं असल्याचं छापलं होतं आणि निघाली पंधरा. छापलेलं आणि निघालेलं जुळत नव्हतं. काकांच्या पाकिटावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ एवढंच होतं आणि तेवढं ते होतं. ‘सर्व बाकरवड्या अखंड’ असं कोणी छापलेलं नव्हतं.

वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे जुन्या भाषेत वजनमापे खात्याकडे जावं का? वजनातली तूट असती तर नक्की. नियमांत ३०० ते ५०० ग्रॅमच्या पाकिटाला तीन टक्के इतकी चूक चालते, म्हणजे १५ ग्रॅम. इथे वजन उलट जास्तच होतं. काट्याला चुरा आणि बाकरवडी यांतला फरक कळत नाही. काकांना हे पटायला वेळ लागला. जन्मभर मापावर विश्वास ठेवलेल्या माणसाला माप आपल्या बाजूने बोलत नाही हे सांगणं सोपं नव्हतं.

आयोगाचा दरवाजा बंद होता असंही नाही. कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे: गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, दर्जा, यांतली कोणतीही उणीव. अर्ध्या किलोतला ६३ ग्रॅम चुरा दर्जातली उणीव ठरू शकतो, असा युक्तिवाद एखादा वकील सहज करील. खर्चही नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. अडचण वेगळी होती. पुरावा काकूंनी दह्यात कालवला होता. उरलं होतं ते एकच पाकीट, तेही उघडलेलं आणि काकांनीच चाळलेलं. कपाटात ठेवलंय म्हणून ते सीलबंद ठरत नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणं हा मधला मार्ग होता. तिथून दुकानदाराशी संपर्क साधून मिटवायचा प्रयत्न होतो. आम्ही तो सुचवला. काका म्हणाले, ‘आधी आपण त्यांना भेटू. पण मी माफी मागणार नाही.’ कोणी मागा म्हटलं नव्हतं.

आणि शेवटचा पर्याय, जो काकूंनी फोनवर मांडला: दुसऱ्या दुकानातून बाकरवडी घ्यावी. काकांनी त्यावर ‘मग हे दुकान सुधारणार कसं?’ असं विचारलं. ग्राहक चळवळीतल्या बऱ्याच जणांना मी ओळखते, आणि मला वाटतं की यातले बहुतेक या एका प्रश्नावर उभे आहेत.

## तक्त्यातला रकाना

आमच्या केंद्रात एक ताई आहेत. त्यांनी बरीच वर्षं घरून दिवाळीच्या फराळाची कामं घेतली. काकांची फाइल चाळताना त्यांनी मूळ पत्राची झेरॉक्स काढली, तक्ता पाहिला आणि ग्रॅमकडे न बघता वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘काका, तुम्ही संध्याकाळी फिरून येताना घेता ना? आणि रविवारी पाहुणे येणार होते म्हणून सकाळी?’

काकांनी हो म्हटलं.

‘मग तुम्हाला डब्याचा तळ मिळतोय.’

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी दुकानात गेलो. मालक आधी फुगलेले होते, पण ताईंनी पत्र, पेपर, कायदा यांतलं काही न काढता ‘एका घाण्यात किती निघतात?’ असं विचारलं, तेव्हा गडी बोलायला लागला. टेम्पोतून डबा येतो, वाटेत हलतो, चुरा खाली बसतो. पाकिटं भरणारी मुलगी वरून पळ्याने काढत जाते. सकाळच्या पाकिटांत वरचा अखंड माल जातो. संध्याकाळी सातच्या सुमाराला डबा संपत येतो आणि मुलगी तो पाकिटात जवळजवळ उपडा करते. जुना डबा संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही, हा थोरल्या मालकांनी घालून दिलेला नियम. नियम योग्यच आहे, माल शिळा राहत नाही.

आम्ही तिथेच सकाळी एक पाकीट चाळून घेतलं आणि संध्याकाळी एक. सकाळी ९ ग्रॅम, संध्याकाळी ५५. रविवारी थोरले मालक बसतात याच्याशी या आकड्यांचा काही संबंध नव्हता. रविवारी सकाळी काका लवकर गेले, एवढंच. ताईंनी तुकडे हातात घेऊन आणखी एक गोष्ट दाखवली. चुऱ्यात सारण आणि पारी एकत्र मोडलेली होती, वळ सुटलेले नव्हते. चिंचेचं पाणी नीट लागलं नाही तर बाकरवडीचा वळ उलगडतो आणि सारण वेगळं सांडतं. तसं इथे नव्हतं. म्हणजे करणाऱ्याचा हात चांगला आहे, नुकसान हाताळणीत होतं आहे. हे ऐकल्यावर मालकाचा चेहरा निवळला. तीन आठवड्यांत त्याच्या मालाबद्दल कोणी काही बरं बोलल्याचं ते पहिलं वाक्य असावं.

## तोडगा

उपाय दुकानातल्या मोठ्या परातीवर एक चाळण ठेवण्याइतका साधा होता. डबा निम्म्यावर आला की उरलेला माल चाळणीवर ओतायचा, वरचा पाकिटात भरायचा, खालचा वेगळा. मालकाने हवा भरलेल्या फुगीर पाकिटांच्या यंत्राची चौकशी आधीच केली होती. त्याने वाटेतली मोड वाचते, पण डब्याचा तळ तसाच राहतो. चाळण त्याच दिवशी आली.

खालच्या चुऱ्याचं काय करायचं, यावर मात्र खल झाला. मालक तो साध्या पिशव्यांत आधीच बांधून अर्ध्या दरात ठेवणार होते. आम्ही सांगितलं की आधी बांधून ठेवलंत तर तेही आवेष्टित पाकीट झालं. त्यावर वजन, किंमत, महिना, पत्ता सगळं आलं पाहिजे. गिऱ्हाइकासमोर सुटं तोलून दिलं तर तो प्रश्न नाही. सुटंच ठरलं.

समेटाची बैठक आमच्याच खोलीत झाली. काकांना पैसे नको होते, त्यांना लेखी हवं होतं: ‘चुरा म्हणजे बाकरवडी नव्हे.’ मालक ते लिहायला तयार नव्हते. आजोबांच्या काळापासून जे विकलं त्याला मी बाकरवडी नव्हे कसं म्हणू, हा त्यांचा मुद्दा. मसुदे झाले. एका मसुद्यात चुऱ्याची व्याख्या परिशिष्टात टाकायची सूचना आली, ती काकांचीच. अखेर एका ओळीवर दोघांच्या सह्या झाल्या: ‘पाकीट भरताना चुरा चाळून काढण्यात येईल.’ चुरा म्हणजे काय, ते चाळणीने ठरवायचं.

पैसेही दिले गेले. मालकाने पन्नासची नोट पुढे केली, काकांनी ५२ रुपये ९२ पैशांवर बोट ठेवलं. ते यूपीआयने पैशासकट अचूक आले. या तंत्रज्ञानाचा याहून नेमका वापर मी पाहिलेला नाही. काकांनी त्याची रीतसर पावती लिहून दिली. निघताना मालक म्हणाले, ‘काका, सावकाश जा, जिन्यात अंधार आहे.’ काका थांबले, बहुधा संबोधन ऐकायला, आणि मग गेले.

## निष्पत्ती

संध्याकाळच्या पाकिटांतला चुरा आता सकाळइतकाच निघतो. तपासणी अर्थातच काकांनी केली. सुटा चुरा संध्याकाळी साडेसहापर्यंत संपतो. भेळवाले घेतात, हॉस्टेलची मुलं घेतात. पाटी बदलली आहे. पहिली ओळ तशीच, खाली नव्या रंगात: ‘सदोष असल्यास घेतला जाईल. सदोष आहे की नाही ते आम्ही बघू.’ कायद्याच्या दृष्टीने दुसरं वाक्य निरुपयोगी आहे, हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘कायद्यासाठी नाही लावलं, गिऱ्हाइकासाठी लावलंय.’

दैनिकाला काकांनी तोडगा कळवणारं पत्र पाठवलं. विषय बंद झाल्यामुळे ते छापून आलं नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

काउंटरवर मालकाने पाकीट हातात घेऊन बघितलं असतं तर हे तिथेच संपलं असतं, असं सगळे म्हणतात. मला तितकी खात्री नाही. त्याने फार तर पाकीट बदलून दिलं असतं, तेही सात वाजता, त्याच डब्यातून. गिऱ्हाइकाला गप्प करणं आणि चुरा कमी करणं ही दोन कामं आहेत आणि बदलून दिल्याने पहिलंच होतं. विचारायला हवा होता तो प्रश्न ‘कधी घेतलं?’ हा. खाण्याच्या पदार्थाच्या कोणत्याही तक्रारीत आम्ही आता तो आधी विचारतो. दूध नासलं, पाव बुरसला, पनीर आंबलं, बहुतेक वेळा उत्तर घड्याळात असतं.

काकांनी वेळ लिहून ठेवली आणि कारण मात्र माणसात शोधलं. थोरले चांगले, धाकटे वाईट, हे त्यांच्या मनात आधीच होतं. बारा ग्रॅमने त्याला आधार दिला. शनिवारी सकाळी एक पाकीट घेतलं असतं, मुलगा गल्ल्यावर असताना, तर हा ग्रह टिकला नसता. मोजणाऱ्या माणसाने एक माप आणखी घ्यायला हवं होतं.

दैनिकाने तक्ता छापायला हवा होता का? दीडशे शब्दांत चार ओळींचा तक्ता बसतो, अलंकारिक वाक्य काढलं तर. पण ते वाक्य नसतं तर एवढी पत्रं आली नसती, आणि पत्रांशिवाय ते पान कशाला? हा पेच मला सुटलेला नाही. मालकाला एक फोन करणं मात्र शक्य होतं, दुपारी चारनंतर.

नाव न छापण्याचा निर्णय मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो सगळ्यांना सभ्य वाटला. मालकाचं पत्र येईपर्यंत त्या रस्त्यावरची चारही दुकानं संशयात होती. बाकीच्या तिघांपैकी एकाने दैनिकाला फोन केला, तेव्हा ‘आम्ही तुमचं नाव घेतलेलं नाही’ असं उत्तर मिळालं, आणि नेमकी तीच त्याची तक्रार होती. एकाने पाकिटावर ‘चुराविरहित’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. आता पाकिटावर दावा छापला म्हटल्यावर तिरुवळ्ळूरचं कात्रण त्याला तंतोतंत लागू पडतं. आम्ही जाऊन सांगितलं, त्याने शिक्का काढला. तिसऱ्याने पाटी लावली, ती अजून आहे: ‘पेपरातलं दुकान आमचं नाही. पुढचं विचारू नये, तेही आमचं नाही.’